ट्रॅक्टरचे मोठे टायर आणि गिअरचे गुणोत्तर

अंबड तालुक्यातील वडीगोद्रीच्या परिसरात जमीन बहुतांशी काळी व चिकण आहे. जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले आणि डाव्या कालव्याचे पाणी गोदावरीच्या उत्तरेकडील या पट्ट्यात फिरू लागले, तेव्हापासून येथील पिकांचा क्रम बदलला. कापूस, तूर व ज्वारीच्या जोडीला ऊस आला आणि उसाबरोबर जड मशागत व जड वाहतूक आली. नांगरटीला लागणारा ट्रॅक्टर हाच पुढे गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढून अंकुशनगरच्या कारखान्याकडे नेतो. ओल्या जमिनीत चाक जागच्या जागी फिरते, ट्रॉली सरीतून वर येत नाही, आणि मग "मागे मोठे टायर घाला" असा सल्ला शेतकऱ्यास सर्वत्र मिळतो.

हा सल्ला चुकीचा नाही. तो अपुरा आहे. मोठ्या टायरने जमिनीवरील पकड वाढते हे खरे, परंतु त्याच वेळी ट्रॅक्टरचा प्रत्येक गिअर थोडा वेगवान व थोडा कमजोर होतो. ही दुसरी बाजू लक्षात न घेता टायर बदलल्यास डिझेल अधिक जळते, क्लच लवकर झिजतो, ब्रेक कमी पडतो आणि चारही चाकांना ताकद असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पुढील आसाचे दंतचक्रही निकामी होऊ शकते. कर्ज काढून घेतलेल्या यंत्राच्या बाबतीत हे नुकसान लहान नव्हे. म्हणून टायर विकत घेण्यापूर्वी कागदावर थोडा हिशोब कसा करावा, हे या पाठात सांगितले आहे. त्यासाठी खडू, मोजपट्टी आणि गुणाकार-भागाकार एवढेच पुरे आहे.

मूळ तत्त्व

एंजिनाची फिरण्याची गती जास्त असते आणि जोर कमी असतो. गिअरपेटी, त्यामागील क्राउन-पिनियन आणि चाकाजवळची शेवटची दंतचक्रे मिळून ही गती कमी करतात. गती जितकी कमी होते तितका आसाला मिळणारा जोर वाढतो. एंजिनाचे किती फेरे झाले म्हणजे मागील चाकाचा एक फेरा होतो, या संख्येस त्या गिअरचे एकूण गुणोत्तर म्हणतात. ते १०० असेल, तर एंजिन मिनिटाला २००० फेरे करीत असताना चाक २० फेरे करील.

परंतु दंतचक्रे संपली म्हणजे साखळी संपली असे नाही. या साखळीतील शेवटचा दुवा म्हणजे टायर होय. आसाला मिळालेला जोर जमिनीपर्यंत पोचतो तो आसाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतच्या उंचीतून. ही उंची वाढली की तेवढ्याच आसाच्या जोरातून जमिनीवर मिळणारी ओढ कमी होते. मोटेचे चाक किंवा विहिरीचा रहाट ज्यांनी चालविला आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. दोर गुंडाळण्याचा लाट जाड केला तर एका फेऱ्यात दोर जास्त येतो, पण हात भरून येतात. टायर मोठा करणे म्हणजे रहाटाचा लाट जाड करणेच होय.

यावरून नियम असा निघतो: टायरचा घेर ज्या प्रमाणात वाढेल, त्या प्रमाणात प्रत्येक गिअरमधील वेग वाढतो आणि त्याच प्रमाणात ओढ घटते.

घेर कसा मोजावा

टायरवर छापलेल्या आकड्यांवरून अंदाज येतो. १३.६-२८ या आकड्यातील पहिली संख्या टायरची रुंदी आणि दुसरी रिमचा व्यास, दोन्ही इंचांत दाखविते. तथापि भाराखाली टायर दबतो, जुना टायर झिजलेला असतो आणि हवेच्या दाबानेही फरक पडतो. म्हणून घेर प्रत्यक्ष मोजणेच उत्तम.

१. ट्रॅक्टर सपाट, टणक जमिनीवर घ्यावा. दोन्ही मागील टायरांत पुस्तिकेप्रमाणे हवा भरावी.

२. मागील टायरवर व त्याखालील जमिनीवर खडूने खूण करावी.

३. कोणतेही अवजार न ओढता ट्रॅक्टर सावकाश पुढे न्यावा. चाकाचे बरोबर १० फेरे झाले की जमिनीवर दुसरी खूण करावी.

४. दोन खुणांमधील अंतर मोजून १० ने भागावे. हे एका फेऱ्याचे अंतर होय.

नवीन मापाचे टायर ज्या शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला आहेत, त्याच्याही ट्रॅक्टरवर हेच माप घ्यावे. म्हणजे खरेदीपूर्वीच तुलना करता येते.

२८ इंची रिमच्या नेहमीच्या मापांची सर्वसाधारण तुलना पुढे दिली आहे. वेग काढताना चाकाचे मिनिटाला २० फेरे धरले आहेत आणि १३.६-२८ या टायरची ओढ १०० मानली आहे. टायरच्या बनावटीप्रमाणे आकड्यांत थोडा फरक पडेल.

| टायरचे माप | व्यास, सें.मी. | एका फेऱ्याचे अंतर, मीटर | ताशी वेग, कि.मी. | ओढ |
|---|---|---|---|---|
| १२.४-२८ | १२६ | ३.७६ | ४.५१ | १०४ |
| १३.६-२८ | १३१ | ३.९० | ४.६८ | १०० |
| १४.९-२८ | १३६.५ | ४.०६ | ४.८७ | ९६ |
| १६.९-२८ | १४३.५ | ४.२५ | ५.१० | ९२ |

एक माप वर गेल्यास ओढीत सुमारे चार टक्के घट होते. ती बहुधा जाणवत नाही. दोन मापे वर गेल्यास घट आठ टक्क्यांवर जाते. ज्या ट्रॅक्टरचे एंजिन नांगरटीत आधीच दमते, त्याला ही घट नक्की जाणवेल.

घसरणीचा हिशोब

येथे शंका येईल की, ओढ कमी होत असेल तर लोक मोठे टायर का घालतात? याचे उत्तर घसरणीत आहे, जिला चालक 'स्लिप' म्हणतात. एंजिनाने कितीही जोर दिला तरी जमीन तो घेण्यास समर्थ नसेल, तर चाक नुसते फिरते. रुंद व उंच टायर जमिनीवर अधिक लांबीरुंदीने टेकतो, त्यामुळे भार पसरतो, चाक कमी रुतते व घसरण घटते.

घसरण मोजण्यासाठी नांगर जमिनीत घालून चाकाच्या १० फेऱ्यांचे अंतर मोजावे आणि अवजाराशिवाय मोजलेल्या अंतराशी ताडून पाहावे. समजा, अवजाराशिवाय १० फेऱ्यांत ३९ मीटर अंतर पडले आणि नांगरासह ३३ मीटर पडले. फरक ६ मीटर. सहास ३९ ने भागून १०० ने गुणिले असता घसरण सुमारे १५ टक्के येते. शेतातील ओढकामात सुमारे ८ ते १५ टक्के घसरण योग्य समजली जाते. त्याहून बरीच कमी असेल तर ट्रॅक्टरवर अनावश्यक वजन आहे. त्याहून बरीच जास्त असेल तर डिझेल व टायर दोन्ही वाया जात आहेत.

आता गिअर आणि घसरण यांचा एकत्र विचार करू. एका ट्रॅक्टरला १३.६-२८ चे टायर आहेत, गिअरचे एकूण गुणोत्तर १०० आहे आणि ओलसर जमिनीत २५ टक्के घसरण होत आहे असे धरू. वेग कागदावर ताशी ४.६८ कि.मी. दिसला तरी प्रत्यक्षात तो सुमारे ३.५ कि.मी. एवढाच पडतो. या ट्रॅक्टरला १६.९-२८ चे टायर घातले आणि चालकाने गिअर तोच ठेवला, तर एंजिनावर भार वाढून ते दमू लागेल. परंतु चालकाने एक गिअर खाली घेतला, आणि त्या गिअरचे गुणोत्तर १३० असले, तर चाकाचा वेग ताशी ३.९२ कि.मी. होतो. घसरण १२ टक्क्यांवर आली तर प्रत्यक्ष वेग सुमारे ३.४५ कि.मी. पडतो. म्हणजे दिवसभरात नांगरली जाणारी जमीन जवळजवळ तेवढीच, आणि उपलब्ध ओढ मात्र जुन्या टायरच्या वरच्या गिअरपेक्षा सुमारे १९ टक्के अधिक.

या उदाहरणातील बोध महत्त्वाचा आहे. मोठ्या टायरचा लाभ पदरात पडतो तो खालच्या गिअरसह. टायर मोठा आणि गिअर पूर्वीचाच ठेवला, तर पकडीने मिळविलेले एंजिन गमावून बसते. ओल्या जमिनीत घसरण मुळातच १५ टक्क्यांच्या आत असेल, तर मोठ्या टायरवर खर्च करण्याचे कारणच उरत नाही.

रोटाव्हेटर व फवारणी

पी.टी.ओ.वर चालणाऱ्या अवजारांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पी.टी.ओ.चा दांडा सामान्यतः एंजिनाच्या गतीवर फिरतो. त्यास टायरच्या मापाशी कर्तव्य नसते. टायर मोठा झाल्यास ट्रॅक्टर पुढे जास्त सरकतो, पण रोटाव्हेटरची पाती पूर्वीइतकेच फेरे करतात. त्यामुळे प्रत्येक पात्याचा घास मोठा होतो आणि ढेकळे जाड राहतात.

उदाहरणार्थ, रोटाव्हेटरचा दांडा मिनिटाला २०० फेरे करीत आहे आणि एका ओळीत एकामागून एक तीन पाती जमीन कापीत आहेत. ट्रॅक्टर मिनिटाला ४८.७५ मीटर चालत असेल तर पात्याचा घास सुमारे ८.१ सें.मी. होतो. टायर १३.६ वरून १६.९ चे केल्यास त्याच गिअरमध्ये ट्रॅक्टर सुमारे ५३ मीटर चालेल आणि घास सुमारे ८.९ सें.मी. होईल. अशा वेळी एंजिनाची गती कमी करून भागत नाही, कारण पी.टी.ओ.ही मंदावतो. गती कायम ठेवून खालचा गिअर घेणे हाच उपाय होय.

फवारणीचेही तसेच आहे. नोझलमधून मिनिटाला पडणारे पाणी तेवढेच राहते. जेथे एकरी २०० लिटर पाणी पडत होते तेथे वेग नऊ टक्के वाढल्यास सुमारे १८३ लिटरच पडेल. औषधाची मात्रा कमी पडून कीड राहिली तर दोष औषधास दिला जातो. टायर बदलल्यावर फवारणी यंत्राचे माप पुन्हा घ्यावे.

चारही चाकांना ताकद असलेला ट्रॅक्टर

या प्रकारच्या ट्रॅक्टरात पुढची चाके लहान व मागची मोठी असतात आणि दोन्ही आस दंतचक्रांनी एकमेकांस जोडलेले असतात. मागील चाकाच्या एका फेऱ्यास पुढील चाकाचे किती फेरे व्हावेत हे कारखान्यातच ठरलेले असते. हा हिशोब असा बसवितात की, पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त अंतर चालू पाहतात. यास पुढच्या चाकांची आघाडी म्हणतात. ती साधारणतः १ ते ५ टक्के असावी लागते. तेवढ्यामुळे पुढची चाके ट्रॅक्टर ओढतात आणि सुकाणू हलके राहते.

एका ट्रॅक्टरात मागील एका फेऱ्यास पुढील १.५० फेरे होतात असे धरा. मागील फेऱ्याचे अंतर ३.९० मीटर व पुढील फेऱ्याचे २.६६ मीटर आहे. तेव्हा पुढचे चाक ३.९९ मीटर चालू पाहते, आघाडी २.३ टक्के, म्हणजे योग्य आहे. आता केवळ मागचे टायर बदलून अंतर ४.२५ मीटर केले, तर पुढची चाके मागच्यांपेक्षा सहा टक्के कमी चालतात. ती ओढण्याचे सोडून ब्रेकसारखी अडवू लागतात. मागची चाके पुढच्यांना ढकलतात, टायर खरवडले जातात आणि सर्व ताण आसांच्या दंतचक्रांवर येतो. टणक रस्त्यावर हा ताण सर्वांत अधिक असतो. या ट्रॅक्टरला आघाडी परत मिळवून द्यावयाची तर पुढील टायरच्या फेऱ्याचे अंतर सुमारे २.८९ मीटर असावे लागेल. तात्पर्य, अशा ट्रॅक्टरचे टायर जोडीनेच बदलावेत, आणि उत्पादकाने मान्य केलेलीच जोडी घ्यावी.

आघाडी तपासण्याची सोपी रीत अशी. मातीच्या सरळ वाटेवर पुढील आसाची ताकद जोडून मागील चाकाचे २० फेरे करावेत व तेवढ्यात पुढील चाकाचे किती फेरे होतात ते मोजावेत. नंतर ताकद सोडून हीच कृती पुन्हा करावी. पहिली संख्या दुसरीपेक्षा १ ते ५ टक्क्यांनी अधिक असली पाहिजे. वरील उदाहरणात जुन्या टायरवर या संख्या ३० आणि २९.३ येतील, केवळ मागचे टायर बदलल्यावर ३० आणि सुमारे ३२ येतील. पहिली संख्या दुसरीपेक्षा कमी आल्यास पुढील आसाची ताकद वापरणे ताबडतोब थांबवावे.

जीपगाडीचा धडा

आसाचे गुणोत्तर कामाप्रमाणे कसे निवडतात याचे सर्वांत चांगले उदाहरण जीपचे आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपच्या आसात पिनियनला ८ व क्राउनला ३९ दात होते. गुणोत्तर सुमारे ४.८८. त्याच कंपनीने १९४५ साली शेतकऱ्यांसाठी जीप काढली, तेव्हा टायरचे माप ६.००-१६ हेच ठेवून क्राउनचे दात ४३ केले. गुणोत्तर सुमारे ५.३८ झाले. सैन्याला वेग हवा होता, शेतकऱ्याला ओढ हवी होती. या एका बदलाने प्रत्येक गिअरमधील ओढ दहा टक्के वाढली. महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे समूह विकास योजनेच्या काळात हीच गाडी गटागटांतून फिरू लागली.

कच्च्या रस्त्यासाठी ज्यांना जीपचे टायर मोठे करावयाचे आहेत त्यांनी पुढील सूत्र वापरावे: जुन्या गुणोत्तरास नवीन टायरच्या घेराने गुणावे व जुन्या घेराने भागावे. ४.८८ गुणोत्तराच्या गाडीला दहा टक्के मोठे टायर घातल्यास उत्तर सुमारे ५.३७ येते, म्हणजे ५.३८ चा संच बसविल्यास गाडी पूर्वीसारखीच ओढील. मात्र चारही चाकांवर चालणाऱ्या जीपमध्ये दोन्ही आसांचे गुणोत्तर एकच असले पाहिजे. एकच आस बदलणे म्हणजे दोन बैल उलट दिशांना जुंपणे होय. गुणोत्तर न बदलता मोठे टायर घातल्यास वेगदर्शक कमी वेग दाखवितो हेही विसरू नये. काटा ४० वर असता गाडी प्रत्यक्षात ४४ ने धावत असेल.

ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र आसाचे गुणोत्तर शेतकऱ्याने बदलण्याची वस्तू नाही. तेथे उपाय एकच: टायरचे माप मर्यादेत ठेवणे आणि कामास योग्य गिअर निवडणे.

ब्रेक, रिम व कायदा

मोठ्या टायरने जशी ओढ घटते तशीच ब्रेकची पकडही त्याच प्रमाणात घटते, आणि वेग मात्र वाढलेला असतो. वडीगोद्रीवरून धुळे–सोलापूर महामार्ग जातो. भरलेल्या ट्रॉलीसह या मार्गावर येताना हा फरक जिवावर बेतू शकतो. रस्त्यावर दोन्ही ब्रेकपट्ट्या एकत्र अडकवूनच ट्रॅक्टर चालवावा. उतारावर खालचा गिअर उताराच्या आधीच घ्यावा आणि क्लच दाबून किंवा गिअर काढून ट्रॅक्टर कधीही सोडू नये.

प्रत्येक टायरला ठराविक रुंदीचे रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर बसविल्यास त्याचा मधला भाग फुगतो, कडा जमिनीवर टेकत नाहीत आणि ज्या पकडीसाठी पैसे खर्च केले तीच मिळत नाही. मडगार्ड व टायर यांत मोकळी जागा राहते की नाही, आणि उसाच्या सरीत रुंद टायर बसतो की नाही, हेही आधी पाहावे. तसेच मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनाच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करण्यास बंदी आहे. म्हणून पुस्तिकेत नमूद नसलेले माप घेऊ नये.

खर्चापूर्वीचे उपाय

मोठे टायर घेण्याआधी पुढील गोष्टी करून पाहाव्यात. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.

१. वाफसा येईपर्यंत थांबावे. चिखलात चालविलेला ट्रॅक्टर जमीनही दाबतो आणि डिझेलही खातो.

२. टायरमधील हवा कामाप्रमाणे ठेवावी. शेतातील कामास पुस्तिकेतील कमी दाब व ट्रॉली ओढताना जास्त दाब ठेवावा.

३. मागील टायरात सुमारे तीन चतुर्थांश पाणी भरावे किंवा लोखंडी वजने लावावीत. नांगरट संपली की ती काढावीत.

४. टायरवरील उंच रबरी पट्ट्या झिजल्या असल्यास त्याच मापाचे नवे टायर घ्यावेत. झिजलेल्या मोठ्या टायरपेक्षा नवा लहान टायर अधिक पकड देतो.

५. नांगराची खोली व रुंदी ट्रॅक्टरच्या बळाप्रमाणे ठेवावी.

बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था ट्रॅक्टरांच्या चाचण्या घेते. तिच्या अहवालांत टायरचे माप, प्रत्येक गिअरमधील वेग व ओढ दिलेली असते. ट्रॅक्टर निवडताना हा अहवाल विक्रेत्याकडे मागावा. अधिक मार्गदर्शनासाठी खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र व परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ यांच्याशी संपर्क साधावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा पाठ शेतकरी गटात वाचून दाखविल्यावर एखाद्या ट्रॅक्टरवर प्रत्यक्ष माप घेऊन दाखवावे आणि पुढील प्रश्न विचारावेत.

१. एका फेऱ्याचे अंतर ३.९० मीटरवरून ४.०६ मीटर झाले. ओढ किती टक्के घटली?

२. अवजाराशिवाय १० फेऱ्यांत ४० मीटर व नांगरासह ३४ मीटर अंतर पडले. घसरण किती? मोठ्या टायरची गरज आहे काय?

३. चारही चाकांना ताकद असलेल्या ट्रॅक्टरचे फक्त मागचे टायर मोठे केले. पुढील आसावर काय परिणाम होईल?

४. टायर मोठे केल्यावर रोटाव्हेटर चालविताना एंजिनाची गती कमी करावी की गिअर खालचा घ्यावा? का?

या प्रश्नांची उत्तरे गटाने स्वतः काढली, तर टायरच्या दुकानात जाण्यापूर्वी प्रत्येक शेतकऱ्याच्या खिशात स्वतःच्या ट्रॅक्टरचे माप असेल, आणि दुकानदाराच्या शब्दाऐवजी त्या मापावर त्याला निर्णय घेता येईल.